पश्चिमेचं ऊन आणि सूर्यास्ताआधीचं जेवण
(घरबांधणी : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : अमळनेरला आमचा ४० बाय ६० फुटांचा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. घरात आजेसासूबाई, सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि दोन मुलं अशी नऊ माणसं. आमचं घर जैन; मोठ्यांचा चौविहार (सूर्यास्तानंतर अन्न-पाणी वर्ज्य) असतो आणि आजेसासूबाई उकळलेलं पाणीच पितात. नकाशात रस्त्याच्या बाजूला ओपन किचन काढलंय. दिसतं छान, पण मन घेत नाही. काय बदलावं?

उत्तर : स्वयंपाकघर आधी तिथून हलवा. चौविहाराच्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक चारच्या सुमारास सुरू होतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे पश्चिमेची भिंत नेमकी तेव्हाच भट्टीसारखी तापलेली असते. बाहेर ४४-४५ अंश आणि आत दोन शेगड्या! छज्जा वाढवून इथे भागत नाही. दक्षिणेचं ऊन वरून येतं, म्हणून पाच फुटी खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र आडवं, छज्ज्याखालून थेट ओट्यावर. त्या बाजूला जिना, संडास-न्हाणी, पार्किंग आणि सात-आठ फुटांची पडवी घ्या. स्वयंपाकघर आग्नेयेला किंवा ईशान्येला न्या. आग्नेयेला नेलंत तर वास्तुवालेही खूश. या एका बाबतीत त्यांचं आणि उन्हाचं एकमत आहे.

आता उजेड. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. पानं सव्वापाचला मांडली, तरच शेवटचं पाणी निवांत पिऊन होतं. तेव्हा दिव्याशिवाय ताटातलं स्वच्छ दिसायला हवं. खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या निदान एक षष्ठांश धरा. १० बाय १४ च्या खोलीला ४ बाय ३ च्या दोन खिडक्या, एक उत्तरेला, दोन्हींना बारीक स्टीलची जाळी. सगळी एकाच पंगतीला बसणार, म्हणून टेबल आठ फुटांचं (माणशी दोन फूट) आणि खुर्चीमागे तीन फूट वाट. दोघी-तिघी एकदम वावरणार असतील तर दोन ओट्यांत चार फूट अंतर लागतंच. साडेतीन फुटांत एकीचा धक्का दुसरीच्या पातेल्याला लागतो.

उकळलेल्या पाण्याची जागा बहुतेक नकाशांत नसते. मग ते पाणी निववायला ओतलेल्या पराती फ्रिजवर, डायनिंग टेबलावर, जिथे जागा सापडेल तिथे निवत बसतात. मुख्य ओटा ३४ इंच उंच असतो. त्याला लागून पाच फूट लांबीचा, २६ इंच उंचीचा बुटका ओटा करा. त्यावर एक शेगडी, दोन परातींची जागा आणि पाणी गाळायचं फडकं अडकवायला खुंटी. दहा लिटरचं गरम पातेलं खांद्याच्या उंचीवरून उतरवणं धोक्याचं आहे, विशेषतः सासूबाईंच्या वयाला. उकळलेलं पाणी चालण्याचा काळ उन्हाळ्यात पाच प्रहर (एक प्रहर म्हणजे तीन तास), हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन. म्हणजे पावसाळ्यात पाणी जास्त वेळा उकळावं लागतं आणि तेव्हाच हवा दमट असते. वाफ जायला शेगडीच्या वरच एक्झॉस्ट द्या, नाहीतर कोपऱ्यातली भिंत काळी पडते.

आजेसासूबाईंची खोली तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या हाकेच्या अंतरावर हवी. न्हाणीचं दार तीन फूट, उंबरा नको, आधाराची दांडी ३३ इंचांवर. लिफ्ट आज नको असली तरी दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक अशा ५ बाय ५ च्या कोठ्या काढा आणि तिथल्या स्लॅबभोवती बीम घेऊन ठेवा. पुढे तेवढाच तुकडा कापता येतो.

प्रश्न : चाळीसगाव. फाटकापासून दारापर्यंत सेन्सरचे दिवे आणि दोन्ही बाजूंना लॉन करायचं ठरतंय. सासरे नको म्हणतात. त्यांचं ऐकावं का?

उत्तर : ऐकावं. जैन साधू-साध्वी गोचरीला (घरोघरी आहार घ्यायला) येतात तेव्हा त्यांच्यासाठी दिवा लागला, पंखा फिरला, हिरवळ तुडवली गेली किंवा देणाऱ्याचा हात कच्च्या (न उकळलेल्या) पाण्याला लागला, तर ते आहार न घेता परत फिरतात. अंधाऱ्या पडवीत सेन्सर दिवसाही पेटतो. साधं बटण ठेवा. लॉन बाजूला घ्या आणि मधली वाट चार फूट रुंद, कोरडी ठेवा. महाराज साहेब (साधू-साध्वी) अनवाणी असतात, तेव्हा काळी फरशी टाळा; फिकट, खरबरीत फरशी आणि वर सावली हवी. स्वयंपाकघरात तयार अन्नाचं कपाट सिंकपासून आणि शेगडीपासून लांब, दाराजवळ ठेवा. सामायिकाच्या (ध्यान-साधनेच्या) खोलीचं बटणही दाराबाहेर द्या. सामायिकाची ४८ मिनिटं आत कोणी विजेला हात लावणार नाही.

प्रश्न : भुसावळ. मॉड्युलर किचन केलं आणि वर्षात झुरळं झाली. जीवहिंसा नको, म्हणून औषध फवारायचं नाही.

उत्तर : मग त्यांचा शिरकावच बंद करावा लागेल. ओट्याखालची कपाटं सहा इंच उंच स्टीलच्या पायांवर घ्या. पुढची पट्टी काढली की झाडू आरपार जातो. एल आकाराच्या ओट्याचा आतला कोपरा बंदच करून टाका, तिथे कोणाचाच हात पोचत नाही. सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवा. वापरात नसलेल्या न्हाणीचा ट्रॅप (जाळीखाली पाणी धरून ठेवणारा भाग) उन्हाळ्यात सुकतो आणि झुरळं गटारातून सरळ वर येतात. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत जा. ओट्यात बसवलेली शेगडी असेल तर ती काढून सुटी शेगडी घ्या. गॅस पेटवण्याआधी पूंजणी (जीव अलगद बाजूला सारायचा मऊ झाडू) फिरवायची, तर शेगडी उचलता आली पाहिजे.

प्रश्न : शहादा. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ येतं. त्यातही जीव मानतात, म्हणून आई-बाबा चार महिने वर पाय ठेवत नाहीत.

उत्तर : शेवाळ आलं की खरवडायचंही नाही, म्हणून काय करायचं ते मेअखेर करा. उतार ८० ला १ हवा, म्हणजे वीस फुटांत तीन इंच. दर चारशे चौरस फुटांना ११० मिलिमीटरचा एक पाइप आणि कठड्याच्या कडेने सिमेंटचा गोला (कोपरा भरणारी गोलसर कड). वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक घ्या; पाणी ठरत नाही आणि खालची खोलीही कमी तापते. एवढं करूनही एखाद्या कोपऱ्यात हिरवं दिसलं तर आधी एसीचा किंवा कूलरचा पाइप कुठे गळतोय ते बघा. तो न्हाणीच्या ट्रॅपमध्ये सोडा.