वाचक विचारतात: होकार आहे हे ओळखायचं कसं?

प्रश्न: मी २२ वर्षांचा आहे. पुण्यात इंजिनिअरिंग झालं, सप्टेंबरमध्ये एम.एस्सी.साठी मँचेस्टरला जातोय. विद्यापीठाने लैंगिक संमतीबद्दलचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करायला सांगितलंय. मित्र म्हणतात, तिकडच्या मुली नको असेल तर तोंडावर सांगतात, तू कशाला काळजी करतोस? खरंच असं असतं का? आणि दोघंही प्यायलेले असतील तर?

उत्तर: मित्रांच्या या सल्ल्यावर विसंबू नका. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही अशा वेळी थेट ‘नो’ क्वचितच म्हणतात. आधी क्षणभर गप्प होतात, मग ‘सकाळी लवकर उठायचंय’ असं कारण पुढे करतात. आपल्याकडे ‘बघू’, ‘आज नको ना’ म्हणतात, तसंच. चहाला बोलावल्यावर कोणी ‘जरा काम आहे’ म्हणालं, तर तुम्हाला नकार बरोबर कळतो. इथेही तो कळतोच, फक्त मान्य करायचा असतो.

इंग्लंडच्या २००३च्या कायद्यानुसार ‘मला वाटलं, तिची तयारी आहे’ एवढं पुरत नाही. तसं वाटणं वाजवी होतं का, आणि खात्री करायला तुम्ही काय केलंत, हे पाहिलं जातं. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही संमती त्या विशिष्ट कृतीसाठी, शब्दांतून किंवा खुणांतून स्पष्ट दिसावी लागते. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून ती धरली जात नाही. हे फार योग्य आहे, कारण भीतीने अनेकांचं अंग ताठरतं, तोंडातून शब्द फुटत नाही.

तेव्हा विचारा, आणि प्रत्येक नव्या टप्प्यावर विचारा. ‘चालेल ना?’ नको, त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. ‘पुढे जायचं, की इथेच थांबूया?’ असं विचारलं की नाही म्हणणं सोपं जातं. विचारल्यावर हात बाजूला घ्या आणि उत्तराची वाट बघा. नुसतं ‘ओके’ आलं, पण नजर दुसरीकडे आहे, तुमचा हात हळूच सरकवला जातोय, तर थांबा. एकदा नकार आला की त्या रात्री पुन्हा विषय काढू नका. तिसऱ्यांदा मिळालेला होकार बहुतेक वेळा कंटाळून दिलेला असतो. कंडोम वापरायचं ठरलं असताना तो गुपचूप काढला, तर ती संमती उरत नाही. इंग्लंडमध्ये त्यासाठी बलात्काराची शिक्षा झालेली आहे.

दारूचं म्हणाल, तर जीभ जड झालीय, तोल जातोय, तेच तेच बोललं जातंय, अशा व्यक्तीचा होकार धरूच नका. झोपलेल्या माणसाची संमती नसतेच. ‘मीही प्यायलो होतो’ हा बचाव होत नाही. पाणी द्या, तिच्या मैत्रिणीला बोलवा, बाकीचं दुसऱ्या दिवसावर सोडा.

आणि तुमचं मन नसेल, तर तुम्हीही नाही म्हणू शकता. मुलगा असून मागे हटलास, असं चिडवणारे भेटतील. तरीही म्हणा.