जुळे सोलापुरातला फ्लॅट आणि स्टुटगार्टचा दोन वर्षांचा करार

आपले पत्र मिळाले. आपण 27 वर्षांचे आहात, जर्मनीत स्टुटगार्टला पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून तेथेच वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत 14 महिन्यांपासून नोकरी करीत आहात. ईयू ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा निवास परवाना, मिळालेले आहे, मात्र कंपनीशी झालेला करार दोनच वर्षांचा आहे. दरमहा 2,850 युरो हातात येतात, सुमारे 1,750 खर्च होतात आणि आजवर 9,500 युरो शिल्लक पडले आहेत. शैक्षणिक कर्जाचे 18 लाख रुपये 11 टक्के दराने पुढच्या आठ वर्षांत फेडायचे आहेत आणि त्यापोटी सोलापूरच्या पूर्व भागातले वडिलांचे राहते घर तारण आहे. अशात वडिलांनी आणि मामांनी जुळे सोलापूर या उपनगरात 48 लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट पसंत केला असून अक्षय्य तृतीयेला दोन लाखांचे टोकन द्यायचे घाटत आहे. टोकन द्यावे की नाही, हा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते देऊ नये. कारण फ्लॅटमध्ये नाही. ज्या पगाराच्या भरवशावर तो घ्यायचा आहे, त्या पगाराची खात्री आज आणखी दहा महिन्यांचीच आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून युरोचा भाव 100 रुपये धरतो. आपली मासिक बचत 1,100 युरो, म्हणजे 1 लाख 10 हजार रुपये झाली. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारण 28,300 रुपये आहे. फ्लॅटसाठी 38 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर आणखी 33,000 रुपयांचा हप्ता सुरू होतो. दोन्ही मिळून 61,300 रुपये जातात आणि कागदावर हे जमते असे दिसते. मामांनी नेमके एवढेच गणित मांडलेले असावे. पण उरलेले दहा लाख स्वतःचे घालावे लागतील, बांधकाम चालू असल्याने 5 टक्के जीएसटीचे 2 लाख 40 हजार द्यावे लागतील आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीसाठी तीन लाखांच्या आसपास वेगळे ठेवावे लागतील. ही रक्कम पंधरा लाखांच्या वर जाते आणि आपल्याकडे साडेनऊ लाख आहेत. राहिलेले सहा लाख कोठून येणार, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. वडिलांच्या मागाच्या कारखान्याच्या खेळत्या भांडवलातून ते येणार असतील, तर घरातली दोन्ही उत्पन्ने, आपला पगार आणि वडिलांचा कारखाना, एकाच फ्लॅटला बांधली जातील.

आपण पाठवलेली खर्चाची यादी मी दोनदा वाचली. हीटिंगसह 820 युरो घरभाडे, 63 युरोचे मासिक प्रवास तिकीट, इतकेच काय, दरमहा 18.36 युरोचे रेडिओ-टीव्हीचे प्रसारण शुल्कही त्यात आहे. हिशेब ठेवण्याची ही सवय उत्तम आहे. मात्र सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला किंवा दिवाळीला घरी येण्याचे विमानभाडे त्यात कोठेच नाही, आणि आपण येणार नाही असे मला वाटत नाही. घरमालकाकडे अनामत म्हणून अडकलेले पैसेही घर सोडेपर्यंत आपले नाहीत.

फ्लॅट भाड्याने देऊन महिना 11,000 रुपये मिळतील असे आपण लिहिले आहे. म्हणजे 48 लाखांवर वर्षाला पावणेतीन टक्के, आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचे. शिवाय मालक आपल्यासारखा अनिवासी, म्हणजे परदेशात राहणारा, असेल, तर भाडेकरूने भाड्यातून 30 टक्के आणि त्यावरील उपकर कापून सरकारकडे भरावा लागतो, त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे करकपात करणाऱ्याचा क्रमांक, घ्यावा लागतो आणि ही कपात कितीही कमी भाड्याला लागू होते. सोलापुरात भाडेकरू घर पाहायला आला की पाणी किती दिवसांआड येते हे आधी विचारतो. त्याला टॅनची गोष्ट सांगितली, तर तो शेजारच्या इमारतीत जाईल. पुढे फ्लॅट विकायचा झाल्यास अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदाराला मोठी करकपात करावी लागते आणि ती कमी करून घेण्यासाठी प्राप्तिकर विभागाचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते.

आता कर्जाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने आपला खरा प्रश्न तेथे आहे. रुपया घसरत असल्याने रुपयातले कर्ज युरोत आपोआप हलके होते, मग ते लवकर फेडण्याची घाई कशाला, असा आपला मुद्दा आहे. तो पोकळ नाही. 2025 च्या सुरुवातीला 90 च्या आत असलेला युरो वर्षअखेरीस शंभरीच्या पुढे गेला होता आणि ज्याने त्या वर्षी युरो हाती धरून ठेवले, त्याचा फायदा कर्जाच्या व्याजापेक्षा अधिक झाला. परंतु 2021 च्या आरंभी 90 च्या जवळ असलेला हाच युरो 2022 च्या सप्टेंबरात 80 च्या आसपास उतरला होता. भाव दोन्हीकडे हलतो, 11 टक्के व्याज मात्र दर महिन्याला न चुकता लागते, आणि तारण आहे ते आई-वडिलांचे छप्पर. विनिमय दरावर अंदाज बांधायचाच असेल, तर तो दुसऱ्याच्या घरावर बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून असे सुचवतो. 9,500 पैकी 7,000 युरो, म्हणजे चार महिन्यांचा खर्च, तेथेच आणि युरोतच राहू द्यावा. बारा महिन्यांहून अधिक काळ तेथील बेरोजगारी विम्याची वर्गणी भरली असल्याने नोकरी गेल्यास आपल्याला बेरोजगारी भत्ता मिळू शकेल, तो निव्वळ पगाराच्या साधारण 60 टक्के असतो. पण नवी नोकरी शोधायला किती मुदत मिळेल हे परदेशी नागरिक कार्यालय ठरवते, आणि त्या काळात खिशात पैसा असणे हीच खरी सोय. उरलेले 2,500 युरो लगेच कर्जात भरावेत आणि नेहमीच्या हप्त्याखेरीज दरमहा 600 युरो जादा भरत जावेत. कर्ज बदलत्या व्याजदराचे असल्याने मुदतपूर्व फेडीवर बँक दंड लावू शकत नाही. या वेगाने कर्ज सुमारे वीस महिन्यांत संपते आणि व्याजाचे साडेसात लाखांच्या आसपास वाचतात. हप्ता आणि ही जादा रक्कम भरूनही महिना दोनशेच्या वर युरो हातात राहतात. त्यातून प्रवासखर्च आणि आई-वडिलांचा आरोग्य विमा भागवावा. वडील 58 वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह आहे, तेव्हा विमा आजच घ्यावा. आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते आणि ती विमा घेतल्या दिवसापासून मोजली जाते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून रद्द झाला आहे.

आपण जर्मन भाषेचा वर्ग पैसे वाचवण्यासाठी सोडल्याचे पत्राच्या शेवटी सहज लिहून गेला आहात. तो पुन्हा सुरू करावा. बी-1, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन असेल, तर ब्लू कार्डधारकाला 21 महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, केवळ ए-1, म्हणजे अगदी प्राथमिक, असेल तर 27 महिने थांबावे लागते. आपला करार 24 व्या महिन्यात संपतो. म्हणजे बी-1 असेल, तर अर्ज करार संपण्याच्या तीन महिने आधी करता येईल, आणि हा फरक कोणत्याही फ्लॅटच्या भाववाढीपेक्षा आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

बँक खात्यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. शिक्षणाला जाण्यापूर्वीच्या सोलापुरातल्या बचत खात्यातच आपण आजही पैसे पाठवता, हे योग्य नाही. अनिवासी झाल्यावर ते खाते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे भारतातल्या पैशासाठीचे खाते, करून घ्यावे लागते आणि परदेशातून येणाऱ्या पैशासाठी एनआरई हे वेगळे अनिवासी खाते उघडावे लागते. एनआरई ठेवीवरील व्याज भारतात करमुक्त आहे, एवढे ऐकून पुष्कळ मुले तेथे ठेवी करतात. पण आपण जर्मनीचे कर-रहिवासी आहात आणि तेथे जगभरातले उत्पन्न दाखवावे लागते. वर्षाला 1,000 युरोपर्यंतच्या भांडवली उत्पन्नाला सूट आहे, त्यापुढच्या उत्पन्नावर साधारण 26.4 टक्के कर लागतो.

राहिला वडिलांचा आग्रह. पूर्व भागातल्या मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला जुळे सोलापुरात घर असावे असे वाटणे मी समजू शकतो, आणि ते दोघे स्वतः तेथे राहायला जाणार असतील, तर भाड्याच्या टक्केवारीचा माझा युक्तिवाद लागू पडत नाही. मात्र तसे असेल, तर वीस महिन्यांनंतर, पूर्व भागातले घर बँकेकडून मोकळे झाल्यावर, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट पाहावा. त्यावर जीएसटी नसतो, लिफ्ट चालते की नाही आणि पाण्याची टाकी केवढी आहे हे वडिलांना जाऊन पाहता येते, आणि आपण कोणत्या देशात राहणार हेही तोवर ठरलेले असेल. व्यवहारासाठी आपल्याला यावे लागणार नाही. भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून त्या एकाच फ्लॅटपुरते मर्यादित कुलमुखत्यारपत्र वडिलांच्या नावे देता येते. सरसकट सगळ्या व्यवहारांचे देऊ नये.

इतके सांगूनही घरी टोकनच ठरले, तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडील नोंदणी, आधी तपासावा आणि नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. त्याहून अधिक मागण्याचा विकासकाला कायद्याने अधिकार नाही. कर्जाचे चालू खातेविवरण आणि नोकरीच्या कराराची प्रत पाठवल्यास पहिल्या सहा महिन्यांचे आकडे मी नेमके मांडून देईन.