बायबलमधला ‘आत्मिक आंधळेपणा’ म्हणजे नेमकं काय? खरा विश्वास असेल तर गेलेली दृष्टी परत येते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. देवाच्या मनात असेल तर येते. पण आली नाही म्हणून त्या माणसाचा विश्वास कमी होता, असं म्हणायचा अधिकार शास्त्राने कुणालाही दिलेला नाही. जे तसं म्हणतात त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पुन्हा काढावा आणि या वेळी शेवटपर्यंत वाचावा.

एवढं ठणकावून लिहिते, कारण हे आमच्या घरात घडलंय. माझे पप्पा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग अडला की पहिली हाक त्यांना. त्यांना काचबिंदू झाला. या रोगात बहुतेक वेळा दुखत काही नाही. आधी बाजूचं दिसणं जातं, समोरचं बराच काळ शाबूत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. दोन मागांमधल्या बोळातून जाताना पप्पांचा खांदा आपटायला लागला, संध्याकाळी सायकलवर बाजूने आलेली रिक्षा दिसेना. डॉक्टरला दाखवलं तोवर डावा डोळा जवळजवळ गेला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, डोळ्याची नस एकदा वाळली की ते दिसणं परत येत नाही. औषधाने डोळ्यातला दाब खाली ठेवायचा आणि उरलंय ते जपायचं. सकाळी थेंब, रात्री नऊला थेंब.

आमचे थोरले मामा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंच. त्यांनी बाहेरगावच्या एका प्रचारक बंधूंना बोलावून आमच्या घरी प्रार्थना ठेवली. पुढच्या खोलीत चादरी अंथरल्या, शेजारचे, मंडळीतले सगळे दाटीवाटीने बसले. गायनं झाली, वचन झालं, मग बंधूंनी पप्पांच्या डोळ्यांवर हात ठेवले. प्रार्थना बरीच लांबली. मध्येच पप्पा शांतपणे आईला म्हणाले, "नऊ झाले असतील. थेंब टाक." बंधू थांबले. मामा म्हणाले, "दाजी, आज तरी ती बाटली बाजूला ठेवा. देवाला हात द्यायचा आणि दुसऱ्या हातात बाटली धरायची, याला विश्वास म्हणत नाहीत." पप्पांनी उत्तर दिलं नाही, फक्त मान मागे टाकली. आईने सगळ्यांच्या देखत खालची पापणी ओढून धरली. तिचा हात कापत होता. पहिला थेंब गालावर ओघळला, दुसरा डोळ्यात गेला. पप्पांनी नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून धरला, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा, आणि म्हणाले, "हं, चालू करा प्रार्थना."

मग बंधूंनी तो प्रश्न विचारला. "घरात कबूल करायचं राहिलेलं काही पाप आहे का?" आणि मामांनी आईकडे बघितलं. स्वतःच्या सख्ख्या बहिणीकडे.

खोलीत कुणी चकार शब्द काढला नाही. पप्पा तेवढे बोलले, "पाव्हणं, हे शिष्यांनी विचारून झालंय. प्रभूनं उत्तरही दिलंय. माझ्या घरात परत कशाला विचारता?"

ते उत्तर योहान ९:३ मध्ये आहे. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. इतकं सरळ आहे. आणि त्याच अध्यायात परूशी, म्हणजे यहुद्यांचे कडक धर्मपुढारी, शेवटी वादात हरले की त्या माणसाला काय म्हणतात? तू सर्वस्वी पापात जन्मलास आणि आम्हाला शिकवतोस काय? म्हणजे प्रभूने जे खोडून काढलं तेच एकतीस ओव्यांनंतर, म्हणजे वचनांनंतर, धर्मपुढाऱ्यांच्या तोंडी परत येतं, आणि असं म्हणून ते त्याला हाकलून देतात. योहानाने हे उगाच लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट बघा. त्या माणसाने बरं कर म्हणून मागितलेलंच नव्हतं. येशूने आधी त्याचा विश्वास तपासला नाही. थुंकीने चिखल केला, डोळ्यांना लावला आणि शिलोहाच्या तळ्यावर धू म्हणून पाठवलं. (यरुशलेमेत २००४ साली सांडपाण्याच्या पाइपचं काम चालू असताना या तळ्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या.) तो गेला, डोळे धुतले, दिसायला लागलं. विश्वासाचा प्रश्न येतो तो अडतिसाव्या ओवीच्या आसपास, शेजाऱ्यांनी चौकशी केल्यावर, आईबापांनी भीतीने अंग काढून घेतल्यावर, सभास्थानातून बाहेर काढल्यावर. आधी तो म्हणतो ‘येशू नावाचा मनुष्य’, मग ‘संदेष्टा’, मग ‘देवापासून आलेला’, आणि शेवटी ‘प्रभुजी, मी विश्वास ठेवतो’. दृष्टी आधी आली, विश्वास हळूहळू वाढला. परूशी नेमके उलट जातात. सुरुवातीला त्यांच्यात निदान दोन मतं असतात, शेवटी सगळे एका सुरात ‘आम्हाला ठाऊक आहे’ म्हणतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. अध्यायाच्या शेवटी परूशी विचारतात, आम्हीही आंधळे आहोत काय? येशू म्हणतो, तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसतं. पण ‘आम्हाला दिसते’ असं तुम्ही म्हणता, म्हणून तुमचं पाप राहतं. आत्मिक आंधळेपणा म्हणजे ही खात्री. आपल्याकडे उपदेशात फक्त २ करिंथ ४:४ काढतात, विश्वास न ठेवणाऱ्यांची मनं या युगाच्या दैवताने आंधळी केली आहेत, आणि ऐकणारा शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांकडे बघून घरी जातो. ते वचन आहे, मी नाकारत नाही. पण यशया ४२:१९ मध्ये देव स्वतःच्याच लोकांबद्दल विचारतो, माझ्या सेवकाखेरीज आंधळा कोण? बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात ज्याला ‘आंधळा’ म्हटलंय ती लावदिकीयाची मंडळी आहे, चर्च आहे, मला कशाची उणीव नाही म्हणणारं चर्च. डोळ्यांत घालायला अंजन विकत घे, असं तिलाच सांगितलंय.

मामा या वादात दर वेळी नासरेथ, म्हणजे येशूचं गाव, काढतात. मार्क सहा, तिथल्या लोकांच्या अविश्वासामुळे प्रभूला महत्कृत्य करता आलं नाही. मामा, ती ओवी पूर्ण वाचा. त्याच ओवीत लिहिलंय की त्याने थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं. अविश्वास रोग्यांचा नव्हता. अविश्वास गावातल्या त्या शहाण्यांचा होता जे म्हणत होते, हा तर सुतार, मरीयेचा मुलगा, याला आम्ही ओळखतो.

बाटलीचंही सांगते. हिज्किया राजा मरणाच्या दारात होता तेव्हा देवाने आधीच शब्द दिला होता की मी तुला बरं करतो, पंधरा वर्षं वाढवतो. तरी यशया संदेष्ट्याने अंजिरांचं पोटीस गळवावर बांधायला लावलं (२ राजे २०). प्रेषित पौलाने त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि दुसरा सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून तो पुढे गेला. पौलाचा विश्वास कमी होता का? स्वतःच्या शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनंती केली, आणि माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. थेंब टाकणं आणि प्रार्थना करणं यांत भांडण लावणारे लोक शास्त्र अर्धं वाचतात.

पुढे पप्पांचा उजवा डोळाही गेला. थेंब वेळच्या वेळी टाकूनही गेला, कारण रोग कळला तोवर उशीर झाला होता. औषधामुळे काही वर्षं जास्त मिळाली, आणि त्या वर्षांत त्यांनी माझं लग्न डोळ्यांनी बघितलं. मामांनी मात्र त्याचा अर्थ लावून टाकला. लग्नकार्यात, नाताळाला, कुणी विचारलं की ‘दाजींनी त्या दिवशी शंका घेतली’ हे ठरलेलं वाक्य. पप्पांना त्याचं काही वाटत नाही. ते मोबाइलवर वचन ऐकतात, स्तोत्रं बरीच तोंडपाठ आहेत. घरात नवा टॉवेल आला की अजून अंगठा आडवा फिरवून सांगतात, "इथं धागा तुटलाय", आणि आम्ही उजेडात धरून बघतो तर असतो. अहीया संदेष्ट्याची गोष्ट त्यांच्या फार आवडीची. म्हातारपणाने डोळे गेलेले, आणि यराबाम राजाची राणी वेष बदलून येते तर दारातल्या पावलांच्या आवाजावर तो तिला ‘यराबामाच्या बायको, आत ये’ म्हणून बोलावतो, कारण देवाने आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्याचे डोळे शेवटपर्यंत आले नाहीत, पण त्याचं संदेष्टेपण कुणी काढून घेतलं नाही. आपल्याच सोलापूर-पुणे लाईनवर केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये आंधळ्या बायकांना ब्रेल वाचायला शिकवलं. तुमचं पाप कुठलं हे त्यांना दारात कुणी विचारलं नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही. बार्तिमय या आंधळ्या भिकाऱ्याला प्रभूने ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले’ असंच म्हटलंय, ते मी पुसून टाकू शकत नाही आणि टाकणारही नाही. हात ठेवून प्रार्थना करणारे सगळेच त्या बंधूंसारखे नसतात. आमचे पाळक अजून येतात, पप्पांजवळ बसतात, प्रार्थना करतात आणि निघताना औषध आहे ना विचारतात. मीही रोज मागते. आणि तुमच्या घरात कुणाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांनी, मुलांनी डोळ्यांची तपासणी नेमाने करून घ्या, तो रक्तात उतरू शकतो. मी आणि माझा भाऊ करतो.

मामांनी मागे स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, आणि उपासनेत उभं राहून डॉक्टरांसाठी देवाचे आभार मानले. चांगलं केलं. तेव्हा त्यांच्या विश्वासाचं माप कुणी काढलं नाही, आमच्या घरातल्यांनी तर नाहीच. पण त्या प्रार्थनेपासून आई रात्री उठून बसते आणि आपलं काय चुकलं ते आठवत राहते. मामांची मुलं इथे वाचतात, ती हे त्यांना वाचून दाखवतील. मामा, पप्पांना काही सांगायची गरज नाही. आईला फोन करा आणि म्हणा, बाई, तुझं पाप नव्हतं. योहान नऊ-तीन तुम्हाला पाठ आहे, तेच तिला म्हणून दाखवा.