पायथनमध्ये फिल्टर (यादीतलं अटीत बसणारं तेवढं निवडून देणारी सोय) वापरला, पण यादीऐवजी भलतंच काहीतरी छापून येतं. असं का?

म्हापशाच्या बाजारातले मासळीचे दर तुम्ही यादीत घेतलेत, बांगडे २००, इसवण ९००, तारले १५०, सुंगटं ६००, आणि ५०० च्या आतले तेवढे हवेत. तुमचं फंक्शन बरोबर आहे. दर ५०० पेक्षा कमी असेल तर ट्रू, नाहीतर फॉल्स, एवढंच त्याने परत द्यायचं असतं.

घोळ पुढे आहे. पायथन २ मध्ये फिल्टर थेट लिस्ट द्यायचा. पायथन ३ पासून तो इटरेटर देतो, म्हणजे मागाल तेव्हा एकेक किंमत काढून देणारी वस्तू. प्रिंट केल्यावर दिसतं ते तिचं नाव आणि मेमरीतला पत्ता. फिल्टरभोवती लिस्ट लावा, म्हणजे list(filter(...)) असं लिहा, २०० आणि १५० मिळतील. हा इटरेटर एकदाच वाचता येतो. दुसऱ्यांदा फिरवलात तर टोपली रिकामी, आणि एररही येत नाही! यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती, म्हणून मुद्दाम सांगतोय.

फिल्टरला फंक्शनचं फक्त नाव द्या, पुढे कंस नकोत. फंक्शनच्या आत रिटर्नऐवजी प्रिंट लिहिलंत तर उत्तर नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) येतं, ते फॉल्ससारखं धरलं जातं आणि सगळेच दर गळतात.

अट इतकी छोटी असेल तर मी स्वतः लिस्ट कॉम्प्रिहेन्शनच (चौकटी कंसात एका ओळीत अट लिहून नवी यादी बनवणं) लिहितो, वाचायला सरळ जातं. तेच फंक्शन चार ठिकाणी लागणार असेल तर मात्र फिल्टर बरा.