टोळी निघेल तेव्हा तू ट्रकमध्ये हवीस

अगं, तुझा मोठा मेसेज वाचला. आधी दोन-तीन वर्षं सिरियल, मग एखादी वेब सिरीज डीओपी म्हणजे मुख्य कॅमेरामन म्हणून, नाव झालं की मामाच्या ऊसतोड टोळीवरची डॉक्युमेंटरी, असा तुझा हिशोब आहे. मला तो अजिबात पटलेला नाही. सिरियल कर, भाडं भरायचंय, घरी पैसे पाठवायचेत, फोकस पुलिंगचा, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस धरून ठेवायचा हात तिथेच बसतो. पण त्याच्या बरोबरीने स्वतःचं शूट सुरू ठेव. याच हंगामात सुरू कर.

हॅस्केल वेक्सलर हा अमेरिकन कॅमेरामन तुला 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ'मुळे माहितीये, ब्लॅक अँड व्हाइट सिनेमॅटोग्राफीला वेगळं ऑस्कर मिळालं ते शेवटचं. पण ते ऑस्कर यायच्या आधीच, 1963 मध्ये, काळ्या लोकांच्या नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टनच्या मोर्चाला निघालेल्या लोकांच्या बसमध्ये हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोला कॅमेरा घेऊन चढला आणि अख्खी अमेरिका त्यांच्याबरोबर ओलांडली. माणसं झोपतायत, गातायत, खिडकीतून बघतायत, आणि हा तिथेच सीटवर. 'द बस' नावाने ती फिल्म 1965 ला आली. म्हणजे नाव व्हायची वाट बघत तो बसलाच नव्हता. तुझा मामा बीडहून कोल्हापूरच्या कारखान्याला ट्रकमधून जातो, बायकामुलं, भांडी, कोंबड्या सगळं घेऊन, आणि तू मला लिहितेस की अजून वेळ आहे?

ऑस्कर मिळाल्यावरही तो थांबला नाही. 1968 ला शिकागोत, त्याच्या जन्मगावात, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं आणि रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातली पोरं. त्याने आपल्या 'मीडियम कूल' या फिल्मची नटी व्हर्ना ब्लूम हिला पिवळा ड्रेस घालून खऱ्या गर्दीत सोडलं. पोलीस खरे, अश्रुधूर खरा, आणि त्या सगळ्या मळकट रंगांमधून तो एक पिवळा ठिपका चालत राहतो, कॅमेरा त्याला हरवू देत नाही. तो भाग परत बघ, आवाज बंद करून बघ. तिथे कुठलं लायटिंग कामाला येणार होतं? अशा गर्दीत फ्रेम कशी धरायची ते सेटवर कुणी शिकवत नाही.

मग 'अंडरग्राउंड' ही डॉक्युमेंटरी. एफबीआय ज्यांना शोधत होती त्या वेदर अंडरग्राउंड या जहाल डाव्या गटाच्या भूमिगत लोकांना एमिल द अँटोनिओ आणि मेरी लॅम्पसन या फिल्मवाल्यांबरोबर जाऊन भेटायचं, शूट करायचं, आणि चेहरे मात्र दिसू द्यायचे नाहीत. काही शॉट जाळीच्या पडद्यातून घेतलेत आणि एका शॉटमध्ये आरसा आहे, त्यामुळे त्या लोकांची पाठ दिसते आणि समोर आरशात वेक्सलर आणि त्याचा कॅमेरा. त्यांना लपवलं, स्वतः मात्र उघड बसला! फुटेज द्या म्हणून समन्स आलं, तिघांनी दिलं नाही, शेवटी सरकारलाच मागे घ्यावं लागलं. त्याच सुमारास 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'वरून त्याला काढलं. त्याचं म्हणणं या राजकारणामुळे काढलं, दिग्दर्शक मिलॉश फोरमन म्हणायचा तसं काही नाही. 'अंडरग्राउंड' 1976 ला लागली, आणि त्याच वर्षीच्या 'बाउंड फॉर ग्लोरी'साठी त्याला दुसरं ऑस्कर मिळालं. म्हणून म्हणतो, दोन्ही एकत्र चालतं. जाहिराती पण केल्या त्याने, कॉनरॅड हॉल या दुसऱ्या कॅमेरामनबरोबर जाहिरातींची कंपनीच काढली होती, आणि स्वतःचं शूट सुरूच.

तू म्हणशील त्याच्या घरी पैसा होता. होता, वडिलांचा शिकागोत रेडिओच्या सामानाचा मोठा धंदा होता. पैसेवाल्या घरातले कॅमेरामन मी इथेही भरपूर बघितलेत, त्यांनी लेन्सेस घेतल्या. आमच्या घरी वडिलांची गिरणी बंद पडलेली, तरी मी लालबागच्या चाळींमध्ये हँडीकॅम घेऊन फिरत राहिलो, शिफ्ट सुटली की थेट तिकडे. आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी संपाची सगळी हकीकत सांगायचं कबूल केलं होतं, तेव्हा ज्या सिरियलवर होतो तिथे महिनाभर सुट्टी मिळाली नाही, आणि आजोबा गेले. ती जागा माझ्या फिल्ममध्ये अजून रिकामी आहे, दुसऱ्या कुणाच्या बाइटने भरत नाही. नंतर मी सुट्टी मागणं सोडलं, सरळ सांगायला लागलो की या तारखांना मी नाही. कामं गेली. तिऱ्हाईत लोक हट्टी म्हणतात, घरचेही म्हणतात, पण त्या टेप माझ्याकडे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चाळींच्या जागी आता टॉवर उभे आहेत. माझं चुकलं असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आणि ते चौदा-चौदा तास करतेस ना, त्याचंही ऐक. 1997 ला हॉलिवूडमध्ये एक असिस्टंट कॅमेरामन एकोणीस तासांची शिफ्ट संपवून गाडी चालवत घरी निघाला आणि वाटेतच अपघातात गेला. वेक्सलरने त्यावरून 'हू नीड्स स्लीप?' केली, 2006 ला आली, ऐंशी ओलांडली होती त्याने तेव्हा. बारा तासांच्या वर काम नको म्हणून आपल्याच इंडस्ट्रीशी भांडत होता. तुझे सगळे तास त्यांनी घेतले तर तुझं शूट कुठल्या तासात होणार, सांग मला.

कॅमेरा कुठला घेऊ हे कृपा करून परत विचारू नकोस. आहे तो चालेल. आवाजाकडे लक्ष दे, ट्रकमध्ये वारा फार असतो, लेपल माइक आणि त्याचं फरचं कव्हर माझ्याकडून घेऊन जा. मामीला आधी विचार, फक्त मामाला विचारून चालणार नाही, कोयता दोघांचा असतो, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसेही दोघांच्या अंगावर असतात. दिवाळीच्या आसपास टोळ्या हलतात, मुकादम नेमकी तारीख आयत्या वेळी सांगतो, तेव्हा आजच मामाला फोन लाव आणि सिरियलवाल्यांना आत्ताच कळवून टाक की त्या आठवड्यात तू नाहीस. काय म्हणाले ते मला रात्री सांग, मी जागा आहे.