उपग्रह ओळखायच्या ॲपमध्ये दिसणारं 'एसएल-८ आर/बी' हे कुठल्या उपग्रहाचं नाव आहे?

रंकाळ्यावर फिरताना सरकता ठिपका दिसला, ॲपनं हे नाव दाखवलं, म्हणून विचारलंय. भावा, तो उपग्रह नव्हेच! आर/बी म्हणजे रॉकेटचा रिकामा टप्पा. एसएल-८ म्हणजे रशियाचं जुनं कॉसमॉस-३एम रॉकेट. 'डेब' लिहिलेलं असलं तर फुटलेला तुकडा.

या नावाचे टप्पे वर ढिगानं आहेत, त्यामुळं नाव सोडा, नंबर बघा. अंतराळ स्थानकाचंच घ्या. अमेरिकी लष्कराच्या यादीत ते २५५४४, आणि दुसरी ओळख १९९८-०६७ए. म्हणजे १९९८ सालचं ६७वं उड्डाण, त्यातली पहिली वस्तू. आपला आर्यभट १९७५-०३३ए. आय आणि ओ ही अक्षरं वापरत नाहीत, १ आणि ० सारखी दिसतात म्हणून. झेडनंतर एए, एबी.

चीननं २००७ मध्ये स्वतःचाच फेंगयुन-१सी हा हवामान उपग्रह फोडला, तेव्हा तुकड्यांना तीन-तीन अक्षरं लागली. तुकडे २००७ चे, पण सगळ्यांच्या नावात साल १९९९, कारण मूळ उड्डाण तेव्हाचं.

आणि यादीत पहिला नंबर जगातल्या पहिल्या उपग्रहाचा, स्पुटनिकचा असेल असं वाटतं ना? तो त्याच्या रॉकेटला मिळालाय. स्पुटनिक दुसरा.