पोरं नेणारा गोणी घेऊन येत नाही

ताई, आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दर आठवड्याला "मुलं पळवणारी टोळी आलीय" असा मेसेज पडतो, सोबत कुणातरी माणसाचा फोटो. मुलगी तिसरीत आहे, मी तिला खाली खेळायला पाठवणंच बंद केलंय. हे खरं असतं का? – एक आई, नाशिक रोड

आधी तो फोटो पुढे पाठवू नका, हात जोडून सांगते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच मेसेजपायी जमावाने पाच माणसं ठेचून मारली. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, कुणाचं पोर पळवायला आली नव्हती.

पळवापळवी होतच नाही असं नाही म्हणत मी. पण ज्यांचा हा धंदाच आहे त्यांना पळवायची गरज फारशी पडत नाही, घरचेच हाताने देतात. तुमच्याच जिल्ह्यातलं बघा ना. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी समाजाची एक 10 वर्षांची पोरगी, मेंढरामागे कामाला दिलेली, मरायला टेकल्यावर घरी आणून टाकली आणि काही दिवसांत गेली. मग एकेक उघडकीला आलं की आसपासच्या पाड्यांवरची बरीच लेकरं नगरकडच्या मेंढपाळांकडे अशीच दिलेली होती, काही हजार रुपये आणि एखादं मेंढरू यावर. नेणारा कुणी परका नव्हता, येऊन चहा पिऊन "पोराला पोटभर खायला मिळेल" म्हणून गेलेला माणूस. आईबापांना शिव्या घालणं सोपं आहे हो, पण घरात दाणा नसताना उचल पुढे ठेवली की काय होतं ते वीटभट्टीवर जाऊन बघा.

आणि तस्करी म्हणजे बॉर्डरच ओलांडायला हवी असं काही नाहीये. राबवायला किंवा तसलं काही करायला फसवून, धाक दाखवून, नाहीतर पालकांच्या हातात पैसे ठेवून मूल नेलं की झाली तस्करी, मग ते शेजारच्या तालुक्यात का असेना. "पोरगी स्वतःच्या मर्जीने आली" हे कोर्टात चालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या 143 कलमात मुलांच्या तस्करीला कमीत कमी 10 वर्षं आहेत.

लेकीला खाली खेळायला पाठवा. फक्त एक शिकवा, ओळखीचं कुणी "आईला सांगू नकोस" म्हणालं की ते सगळ्यात आधी आईलाच सांगायचं.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बाळाला सांभाळायला गावाकडून एक मुलगी आणलीय, बारा वर्षांची असेल. लिफ्टमध्ये भेटली, बाळ कडेवर आणि तिला ते पेलवत नव्हतं. नाव विचारलं तर आधी मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "भाची आहे, घरच्यासारखीच ठेवलीय." लोक चांगले आहेत, मी उगाच भोचकपणा करतेय का? – पुणे

नाही. नाव सांगायला परवानगी लागते, यातच सगळं आलं की.

या सगळ्या पोरी भाच्याच का निघतात माहितीये? बालकामगार कायद्यात 2016 ला बदल झाला, 14 च्या आतल्या मुलाला कुठल्याच कामाला ठेवता येत नाही, पण शाळा सुटल्यावर घरच्यांना हातभार लावला तर चालतो अशी सूट ठेवली आणि त्या "घरच्यां"मध्ये मामा, मावशी, काका, आत्या सगळे बसवले. एजंटांना हे आपल्याआधी पाठ असतं. पण शाळाच नसेल तर शाळा सुटल्यावर कुठून आलं? सकाळी साडेदहाला ती बाल्कनीत कपडे वाळत घालताना दिसते का, एवढंच बघा.

त्या बाईंना जाऊन जाब विचारू नका, ही चूक मीसुद्धा केलीय एकदा. संध्याकाळी बोलून आले, सकाळी पोरगी "गावाला गेली". कुठल्या गावाला ते आजतागायत कळलं नाही. त्यापेक्षा सरळ 1098 लावा, मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे तो, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो. विंग, फ्लॅट नंबर, ती साधारण कधी दिसते आणि तुम्ही डोळ्यांनी काय बघितलं ते सांगा, तुमचं नाव गुप्त ठेवा म्हणून सांगा. वय सिद्ध करणं हे तुमचं काम नाही. तिला काही कुणी कोठडीत टाकत नाही, 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं आणि घरी पाठवायचं की नाही ते समिती ठरवते, कारण कधीकधी घरूनच विकलेली असते आणि परत पाठवली तर महिन्याभरात दुसऱ्या फ्लॅटमध्ये सापडते. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, नाहीतर 20 ते 50 हजार दंड, नाहीतर दोन्ही. आणि हो, "लोक चांगले आहेत" हे मी प्रत्येक केसमध्ये ऐकलंय.

चुलतभावाची 14 वर्षांची मुलगी परवापासून घरी नाही. इन्स्टावर कुणीतरी मुंबईत सिरियलमध्ये काम देतो म्हणत होता. पोलीस ठाण्यात म्हणाले 24 तास थांबा, येईल.

असा 24 तासांचा नियम कुठेही नाहीये. सुप्रीम कोर्टाने 10 मे 2013 लाच सांगितलंय, मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण नाहीतर तस्करी असं धरूनच गुन्हा नोंदवायचा. नाहीच घेतला तर लेखी अर्ज एसपींना द्या, तोपर्यंत 112 लावा, रेल्वेने गेली असेल अशी शंका असेल तर 139. तिचा फोन घरी राहिला असेल तर चॅट डिलीट करू नका, "बदनामी होईल" म्हणून तर अजिबात नाही.

हे पत्र नव्हतं, मेसेज होता, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखा नव्हता म्हणून त्याच रात्री फोन केला. गुन्हा दुसऱ्या दिवशी नोंदवला गेला. पोरीचा अजून पत्ता नाही.